सांधा गातो, असे तो म्हणाला

मित्रांनो, माझ्या डोक्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कडी आहेत आणि अंगात आरपार दोन चिरा आहेत. येणारेजाणारे मला हातात घेतात आणि म्हणतात, "अरेरे, तडकली बिचारी." मी तडकलेली नाही. त्या चिरा मुद्दाम पाडलेल्या आहेत. मी होड्यांचे सांधे भरणारी मोगरी आहे, आणि त्या चिरा म्हणजे माझा गळा आहे.

आता मी फार म्हातारी झाले. कालपरवाचे माझ्या ध्यानात राहत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या होडीची कोणती फळी काय बोलली, ते विचारा. ते मी झोपेतही सांगेन.

माझा जन्म जगाच्या दक्षिण टोकाकडच्या चिलोए बेटावर, लिनकायच्या खाडीत झाला. खाडीमागच्या रानात लुमाची झाडे आहेत. लुमाचे लाकूड इतके जड, की पाण्यात टाकले तर दगडासारखे तळ गाठते. त्यामुळे लुमाची होडी कोणी बांधत नाही. होडी बांधणाऱ्यांची हत्यारे मात्र लुमाची असतात. बाउदिलिओ चिग्वाय तेव्हा बावीस वर्षांचा होता. सांधे भरण्याचे काम तो चुलत्याकडे शिकला होता. आमच्याकडची रीत अशी, की शिकून झालेल्याने आपली मोगरी आपणच घडवायची. त्याने उतरत्या चंद्रात झाड तोडले, कारण चढत्या चंद्रातले लाकूड चळते, हे लिनकायमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ओंडका दोन हिवाळे किनाऱ्याच्या चिखलात पुरून ठेवला, मग वर्षभर चुलीच्या धुरावर टांगला. तेव्हा कुठे मला आकार मिळाला.

गळा सगळ्यात शेवटी. बारीक करवतीने चीर जराशी खोल करायची, फळीवर ठोकायचे, डोळे मिटून ऐकायचे. पुन्हा जराशी खोल, पुन्हा ऐकायचे. सकाळपासून दुपारपर्यंत त्याचे हेच चालले होते. त्याच्या आईने बटाट्याच्या भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या, त्या गार झाल्या.

"अरे, मोगरी करतोयस की गिटार?" ती म्हणाली.

"गिटार चुकली तर नाच बिघडतो, आई. ही चुकली तर माणसं बुडतात."

"बरं, बुडव माणसं, पण आधी खाऊन घे."

आमचे काम तसे साधे दिसते. होडीच्या दोन फळ्यांमध्ये बारीक फट राहते, तिला सांधा म्हणतात. त्यात आलेर्से झाडाच्या सालीची वळलेली वात ठेवायची, तिच्यावर बोथट छिन्नी टेकवायची आणि छिन्नीवर माझा घाव घालायचा. एकावर एक अशा तीन वाती. पहिली वात जाताना माझा आवाज भद् भद् असा येतो, भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. दुसरीला तो थोडा वर चढतो. तिसरी वात नीट बसली, की माझ्या गळ्यातून टण् असा उंच सूर निघतो आणि पलीकडच्या टेकडीवर आपटून परत येतो. मग आमची माणसे म्हणतात, सांधा गातो. गाणाऱ्या सांध्यातून पाणी येत नाही. हात फसू शकतो, कारण ओल्या फळ्या फुगून एकमेकींना दाबतात आणि अर्धा भरलेला सांधाही हाताला घट्ट लागतो. आवाज मात्र फसत नाही.

होड्या बांधणारा मिस्त्री होता रोसामेल बार्रीया. बाउदिलिओच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याच्याजवळ कागद नसे की नकाशा नसे. होडीचा कणा टाकला, की तो दोन-तीन दिवस नुसता त्याच्याभोवती फिरायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीची काही वस्तू हरवली वाटते. मग तो रानात जायचा आणि बरोबर हव्या त्या बाकाच्या फांद्या खांद्यावर घेऊन यायचा. होडीच्या बरगड्या त्याला झाडावरच दिसत.

सगळे सांधे भरून झाले, की ऐकण्याचा दिवस यायचा. त्या दिवशी करवती बंद. कुत्री बांधून ठेवायची, कोंबड्यासुद्धा टोपल्यांखाली झाकायच्या. रोसामेल होडीच्या पोटात जाऊन बसायचा आणि बाउदिलिओ बाहेरून एकेका सांध्यावर हात-हात अंतराने माझे घाव घालत जायचा. एक सांधा संपला, की आतून रोसामेल विचारायचा, "गातो का?" आणि बाउदिलिओ म्हणायचा, "गातो." बस्स, एवढेच. त्या एका शब्दावर मालक होडी ताब्यात घ्यायचा आणि बायकोमुलांना घेऊन समुद्रात जायचा. तो शब्द उच्चारण्याचा मान सांधे भरणाऱ्याचा, मिस्त्रीचासुद्धा नाही. दुसऱ्या कोणी मध्ये तोंड घातले, तर ते त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखे मानत. पूर्वी मी ही रीत मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता तशी सांगवत नाही.

मोठा भूकंप झाला त्या वर्षी समुद्र आत शिरला आणि आमच्या भागातल्या निम्म्या होड्या मोडून घेऊन गेला. त्यानंतरची पाच-सहा वर्षे मला अंग टेकायला वेळ नव्हता. दूरच्या बेटांवरून लोक येत आणि रोसामेलला म्हणत, "मिस्त्री, होडी तुमची, पण सांधे चिग्वायच्याच मोगरीने भरायचे." सकाळी मी बोलू लागले, की बायका म्हणत, चला, चिग्वायची कोंबडी आरवली, चूल पेटवा. मला फार गर्व झाला होता, मित्रांनो.

आणि त्याच दिवसांत एक वाईट गोष्ट घडत होती, जी मीच करत होते. बाउदिलिओच्या कानापासून हातभर अंतरावर मी दिवसाला हजारो वेळा ओरडत होते. होडीच्या पोटाचे सांधे भरताना तो तिच्याखाली पाठीवर निजायचा; तेव्हा तर माझा सगळा आवाज त्याच्या तोंडावरच पडायचा. मी त्याचे कान खात होते. त्यानेच मला गळा दिला, आणि मी त्याला हे दिले.

हे पहिल्यांदा ओळखले ते त्याच्या बायकोने. तिचे नाव लुदोविना. सालीच्या वाती वळण्याचे काम आमच्याकडे बायकांचे, आणि ती चुलीपाशी बसून वाती वळायची. एका सकाळी बाउदिलिओ दाराकडे तोंड करून माटेचा कडू चहा पीत बसला होता. मी भिंतीच्या खिळ्याला होते.

"म्हाताऱ्या, छप्पर गळतंय," ती मागून म्हणाली.

तो गप्प.

"म्हाताऱ्या, तुझ्या विजारीला मागे भोक पडलंय. सगळा गाव बघतोय."

तो शांतपणे चहा ओढत राहिला.

"म्हाताऱ्या, मी रोसामेलबरोबर पळून चाललेय. चुलीवरचं सूप तेवढं उतरवून घे."

पाठ हलली नाही. ती स्वतःशीच हसत होती, ते हसू थांबले. वात खाली ठेवून ती पुढे गेली आणि त्याच्या समोर उकिडवी बसली.

"कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिले. "भूकंपाच्या आधीपासून थोडं. आता जास्त."

"माझी बडबड ऐकू येत नाही, ते तुझं नशीब समज. पण हिची?" तिने माझ्याकडे बोट केले.

त्याने चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "खालचा सूर येतो. वरचा येत नाही."

"म्हणजे तू गातो म्हणतोस ते..."

"हाताला लागतं त्यावरून म्हणतो."

"अरे देवा. रोसामेलला सांग."

"सांगितलं की संपलं, लुदो. आंधळ्याच्या हातात कोणी सुकाणू देतं का?"

लुदोविना उठून पुन्हा वाती वळू लागली. दुसऱ्या दिवशी मात्र ती वातींची टोपली घेऊन किनाऱ्यावर आली आणि होडीजवळ एका ओंडक्यावर बसली. घरात धुराने डोळे जातात, असे तिने सगळ्यांना सांगितले. सांधा भरला नसेल तोवर तिचे हात वात वळत राहायचे. सांधा गाऊ लागला, की ती वात मांडीवर ठेवून द्यायची. बाउदिलिओ छिन्नी पुढे सरकवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे हात बघायचा. ऐकण्याच्या दिवशीही तेच. तिचे हात थांबले, की तो म्हणायचा, "गातो."

"काय रे चिग्वाय," रोसामेल समोर येऊन चिडवायचा, "बायकोवाचून दोन तास करमत नाही होय तुला?"

"घरी ठेवली, तर तुझ्या बायकोला शहाणी करून सोडते. तुझ्याच भल्यासाठी आणतो."

चौदा वर्षे हे असे चालले. एकोणीस होड्या झाल्या. एकही गळाली नाही. बाउदिलिओचे हात, लुदोविनाचे कान आणि माझा आवाज असे आम्ही तिघे मिळून एक कारागीर होतो.

मग एका हिवाळ्यात लुदोविनाची छाती भरली. खोकला थांबेना. शेवटच्या दिवसांत तिची खाट चुलीजवळ आणली होती, म्हणून मला सगळे दिसत होते. बाउदिलिओ तिच्या पायांशी बसला होता. ती म्हणाली, "आता मी नसेन. रोसामेलला सांग. माझी शपथ आहे." पण कांबळे तिच्या हनुवटीच्या वर आले होते आणि तिचे ओठ दिसत नव्हते. बाउदिलिओने मान हलवली. त्याला खरेच समजले होते का, की तो नुसतीच मान हलवत होता, हे मला आजतागायत कळलेले नाही.

त्याच वर्षी त्यांची मुलगी ओतिलिया हिच्या नवऱ्याने होडी बांधायला घेतली. जावयाचे नाव सेवेरो रेमोल्कोय. तोपर्यंत तो दुसऱ्यांच्या होड्यांवर राबत होता. आपल्या शेतातले बटाटे आपल्याच होडीतून कास्त्रोच्या बाजारात न्यायचे, एवढे एकच त्या दोघांच्या मनात होते. दोन मेंढ्या सोडून त्यांनी सगळे विकले. होडीचे नाव ठरले 'लुदोविना'.

किनारा आता पूर्वीचा राहिला नव्हता. सामन मासे पाळणारी एक कंपनी आली होती आणि तिच्यासाठी रोसामेल शेजारीच दुसरी होडी उभी करत होता. मोटारीची करवत, मोटारीचा रंधा, आणि त्यावर रेडिओ. त्या वसंतात पाऊस थांबत नव्हता. सेवेरोच्या होडीच्या फळ्या तीन आठवडे उघड्यावर भिजल्या. लाकूड चांगले होते, उतरत्या चंद्रातलेच होते, पण ओले होते. "जरा सुकू दे," असे रोसामेल म्हणाला होता. सेवेरोला उन्हाळ्याच्या आत होडी हवी होती.

उजव्या पोटाच्या तिसऱ्या फळीशी दोन वाती आत गेल्या आणि तिसरी जाईना. ओले लाकूड तिला मागे ढकलत होते. बाउदिलिओच्या हाताला वाटले, सांधा भरला. त्याने सवयीने ओंडक्याकडे पाहिले. ओंडका रिकामा होता. मग तो पुढच्या सांध्याकडे सरकला.

ऐकण्याच्या दिवशी रोसामेलने रंधा बंद करायला सांगितला. चालवणाऱ्याने तो बंद केला, पण थोड्याच वेळात पुन्हा सुरू केला, कारण कंपनीचे लोक दुसऱ्या दिवशी येणार होते. ओतिलिया आणि सेवेरो हात धरून उभे होते. त्यांना त्या घरघरीत काही कळणे शक्य नव्हते. पण होडीच्या पोटात रोसामेल बसला होता. आम्ही उजव्या बाजूच्या तिसऱ्या फळीशी आलो. मी जीव तोडून सांगितले, भद्. पुढच्या घावाला भद्. त्याच्या पुढच्याला भद्. मला खोटे बोलता येत नाही, मित्रांनो. मला दुसरे काहीच येत नाही.

आतून रोसामेलने विचारले, "गातो का?"

मग थोडा वेळ गेला. पुन्हा आतून आवाज आला, आणि या वेळी नाव घेऊन, "गातो का, बाउदिलिओ?" असे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. बाउदिलिओला पहिला प्रश्न ऐकू आला नव्हता आणि दुसराही नाही. घाव संपले, की दोन श्वास थांबून उत्तर द्यायचे, एवढे त्याला ठाऊक होते. दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो मोठ्याने म्हणाला, "गातो."

सेवेरोने टोपी हवेत उडवली. मग सांध्यांवर राळ चढली आणि मला कोणी काही विचारले नाही. आठवड्याने बैलांच्या सहा जोड्या आणि सगळा गाव मिळून होडी पाण्यात ओढली. सफरचंदाची दारू झाली, नाच झाला.

तो उन्हाळा आमच्याकडे कधी नसतो इतका कोरडा गेला. सेवेरो बटाटे काढण्यात गुंतला आणि होडी तीन आठवडे वाळूवर उन्हात पडून राहिली. ओल्या फळ्या सुकल्या आणि आकसल्या. फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे आमचा उन्हाळा सरता सरता, त्याने सत्तर पोती भरली आणि ओतिलियाला घेऊन तो निघाला. पुढचे मी पाहिले नाही. ओतिलियाने घरी येऊन सांगितले, ते ऐकले. खाडी ओलांडून ते मधल्या प्रवाहात गेले आणि उजव्या पोटातून वात सापासारखी निघून बाहेर आली. तिने बादली घेतली, त्याने पोती समुद्रात टाकायला सुरुवात केली. कसेबसे एका बेटाच्या उथळ टोकाशी पोहोचले, तिथे होडी कलंडली आणि ओहोटीने तिला खडकावर मधोमध मोडले. दोघे कमरेइतक्या पाण्यात तीन तास उभे होते. माणसे वाचली. होडी गेली, पीक गेले.

त्या रविवारी बाउदिलिओ देवळातून घरी आला आणि टोपीही न काढता बसून राहिला. काय झाले ते शेजारणी सांगत होत्या. प्रार्थना सुटल्यावर अंगणात सेवेरोने रोसामेलला गाठले होते.

"मिस्त्री, चढत्या चंद्रातलं लाकूड घातलंस तू माझ्या होडीला! कंपनीची घाई होती ना? चंद्राकडे कोण बघतो!"

रोसामेल काही बोलला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला. तेव्हा सेवेरो सासऱ्यासमोर आला. "बाबा, तुम्हीच सांगा सगळ्यांना. सांधे तर गात होते ना?"

आणि बाउदिलिओ म्हणाला, "सांधे गात होते."

पहिल्या वेळी तो चुकला होता. दुसऱ्या वेळी मात्र तो चुकला नव्हता. त्याला सगळे ठाऊक होते.

आमच्याकडे मिस्त्रीच्या लाकडावर एकदा बोट उठले, की सगळे संपते. ठरलेल्या दोन होड्यांचे मालक आलेच नाहीत. कंपनीला तर निमित्तच हवे होते. तिने उत्तरेकडून फायबरच्या होड्या आणल्या. ज्यांचे सांधेच नसतात, त्यांना मोगरी कशाला? माणसे एकेक करून निघून गेली आणि अर्धी बांधलेली होडी रोसामेलच्या पडवीसमोर तशीच उभी राहिली. सेवेरो मेंढ्या कातरायला दूर दक्षिणेकडे, पातागोनियात गेला. त्याची दोन पत्रे आली. मग आली नाहीत. तो गेल्यावर ओतिलियाला मुलगी झाली, आणि त्या तान्हीला घेऊन ती बापाच्या घरी राहायला आली.

मी खिळ्यावरच होते. माझ्या कड्यांना गंज चढला. बाउदिलिओ माझ्याकडे पाठ करून बसायचा.

होडी गेली त्याला दोन वर्षे झाली, तेव्हा एका दुपारी ओतिलिया परसात बटाटे खणत होती. बाळ पाळण्यात होते आणि बाउदिलिओ पाळण्याच्या पुढे, पाठमोरा, जाळे विणत होता. बाळ रडू लागले. मग किंचाळू लागले. त्याचा पाय फळीत अडकला होता. बाउदिलिओ जाळे विणतच राहिला. ओतिलिया चिखलाच्या पायांनी धावत आली, तिने बाळाला सोडवले आणि संतापून ओरडली, "बाबा!"

तो वळला नाही.

"बाबा," ती या वेळी हळू म्हणाली. आणि ती तिथेच थांबली. तिची नजर त्याच्या पाठीवरून माझ्यावर आली. मी पाहिले, तिच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. आईची टोपली. रिकामा ओंडका. उजवी बाजू.

ती बाळाला कडेवर घेऊन त्याच्या समोर गेली. "माझ्या होडीचे सांधे तू ऐकले होतेस?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिले. "नाही," तो म्हणाला.

ओतिलिया रडली नाही, ओरडली नाही. तिने मला खिळ्यावरून काढले आणि त्याच्या हातात ठेवले. "रोसामेलमामाकडे जा. आत्ता."

रोसामेल पडवीत बसून कुंपणाच्या खुंट्या तासत होता. एवढा मोठा मिस्त्री, आणि खुंट्या! बाउदिलिओ त्याच्या समोर उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले. भूकंपाच्या आधीपासूनचे. लुदोविनाचे. तिसऱ्या फळीचे. रोसामेलने तासणी बाजूला ठेवली. बाउदिलिओला ओठ दिसावेत म्हणून तो सावकाश बोलला.

"ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"लुदोविना टोपली घेऊन किनाऱ्यावर बसायला लागली तेव्हापासून. धुराचं कारण सांगत होती. लिनकायमध्ये कुणाच्या घरात धूर नाही?"

"आणि त्या दिवशी? तू आत होतास."

"आत होतो. भद् वाजलं. दोनदा विचारलं तुला."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" बाउदिलिओचा आवाज फाटला.

"कसा बोलू? तो शब्द तुझा. तुझी बायको जाऊन पाच महिने झालेले, समोर लेक, जावई. त्यांच्यादेखत म्हणू, की याला ऐकू येत नाही? वाटलं, मार्चमध्ये होडी पहिल्या डागडुजीला वर येईलच. तेव्हा गुपचूप तिसरी वात घालू. एका उन्हाळ्याचा तर प्रश्न."

"आणि सेवेरोने तुझ्या लाकडाचं नाव घेतलं, तेव्हा?"

रोसामेलने खांदे उडवले. "मीही ऐकून गप्प बसलो होतो. शिव्या कुणाला तरी खायच्याच होत्या."

अर्ध्या होडीच्या बरगड्यांतून वारा जात होता. मला वाटले, आता ते एकमेकांना मारतील. त्यांनी मारले असते, तर बरे झाले असते.

रविवारी बाउदिलिओने देवळाच्या अंगणात उभे राहून सगळ्यांसमोर कबुली दिली. मला बरोबर नेले होते. आपला आवाज किती मोठा होतो आहे हे त्याला कळत नव्हते. तो ओरडतच होता. "लाकूड चांगलं होतं! मिस्त्रीचा दोष नाही! मला ऐकू येत नाही! वीस वर्षं येत नाही!" रोसामेल मान खाली घालून उभा होता. लोक आपल्या बुटांकडे बघत होते. मग एक म्हातारी बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं." शेजारीण म्हणाली, "आमच्याकडेही सगळ्यांना वाटायचं." बाउदिलिओला ते ऐकू आले नाही. मला आले.

ओतिलियाने सेवेरोला पत्र लिहिले. ते परत आले. त्या पत्त्यावर आता तो राहत नव्हता. रोसामेलकडे होडी बांधायला कोणी आले नाही. तोवर सगळ्यांनी फायबरच्या घेतल्या होत्या. अर्ध्या होडीत आधी नेचे उगवले, मग तिचा कणा बसला, मग एका हिवाळ्यात तिची लाकडे सरपणाला गेली. दोन्ही म्हातारे एका वर्षाच्या अंतराने गेले.

मी आता ओतिलियाच्या स्वयंपाकघरात फळीवर असते. तिचे केस पांढरे झाले आहेत. कधीकधी ती माझ्यावरची धूळ पुसते, पण मला ठोकत नाही. परवा शहरातून कोणी आले होते. त्यांना मला काचेच्या कपाटात ठेवायचे आहे. खाली चिठ्ठी लावणार आहेत, की अशा मोगरीने पूर्वी होड्या बांधत.

मित्रांनो, जुनी हत्यारे जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण मला नुसते तेल लावून ठेवू नका. कपाटातून काढा, एखाद्या फळीवर ठोका आणि कान देऊन ऐका. सूर आला तर छानच. भद् आले, तर जो कोणी समोर उभा असेल, मग तो तुमचा थोरला असो, जिवाभावाचा मित्र असो, नुकतेच कोणी गमावलेला दुःखी माणूस असो, त्याच्या समोर जा आणि भद् आले म्हणून सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या. होडी पाण्यात जायच्या आधी सांगा.